काचेच्या पेटीतलं पाणी

आज माशांविषयी बोलायचं आहे, पण कालवणातल्या नव्हे. घरात काचेच्या पेटीत, हिरव्या झाडांमधून फिरणाऱ्या माशांविषयी. आणि त्या निमित्ताने आमच्या गटातला एक जुना हिशोबही मिटवायचा आहे, तोही असा सगळ्यांच्या कानावर घालून, कारण चूक झाली होती ती सगळ्यांसमोरच.

दोन वर्षांपूर्वी आमच्या गटाने अंतर्गत कर्जातून सहा काचेच्या पेट्या घेतल्या. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे तुम्हाला माहीतच आहेत. आरोग्य खात्याची माणसं ते हौदात, साचलेल्या पाण्यात सोडतात. त्याच जातीचे, पण रंगीत शेपटीचे गप्पी आणि त्यांच्याशी पटणारे मॉली, प्लॅटी असे मासे एकत्र पाळायचे, आत खरी पाणवनस्पती लावायची, आणि पेटी नीट बसली की शाळेला, दवाखान्याला, कुणाच्या वास्तुशांतीला विकायची, असा आमचा बेत होता. चार महिने बरे गेले. गणपतीच्या तोंडावर गिऱ्हाईक येईल म्हणून बैठकीत ठरलं, पेट्या लख्ख करायच्या. गटात नव्याने आलेली एक जण कामाला वाघ. तिने एका दिवसात सहाही पेट्या रिकाम्या केल्या. वाळू कपड्यांच्या पावडरीने धुतली, पंपाचा स्पंज पिळून उन्हात वाळवला, पानं चोळून चोळून साफ केली आणि नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. त्या दिवशी गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडली होती, पाण्याला वास येत होता. काचा मात्र आरशासारख्या झाल्या.

काही मासे त्याच रात्री गेले. उरलेले वर येऊन तोंड उघडझाप करत राहिले आणि चार-पाच दिवसांत तेही संपले. कर्जाचा हप्ता डोक्यावर. मग आम्ही काय केलं, तर तिच्याकडे बोट दाखवलं. कुणी म्हणालं निष्काळजी, कुणी म्हणालं हातच तसा. तिला पाचशे रुपये दंड लावला. तिने तो भरला, आणि त्यानंतर बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवू लागली. धुवायला आम्हीच सांगितलं होतं, हे कुणी बोललं नाही.

आमच्यातल्या दोघी-तिघींनी बी.ए.ला इतिहास घेतला होता. त्याचा उपयोग काय, असं सासरी बरेचदा विचारलं गेलंय. तर हा उपयोग. एखादी गोष्ट का बिघडते ते कळेना, की ती आधी कुणी, कशी जमवली हे बघायचं. तालुक्याच्या वाचनालयात आणि मोबाईलवर जे सापडलं ते जुळवत गेलो, आणि हातात आली एक लांबलचक गोष्ट. तिच्यात बायका बऱ्याच आहेत.

पहिली बाई शिवणकाम करणारी. झान व्हिलप्रू-पॉवर. १७९४ साली फ्रान्समधल्या एका खेड्यात जन्म. अठराव्या वर्षी शिवणकाम करायला ती पॅरिसला गेली, चारशे किलोमीटरहून जास्त अंतर, बरंचसं पायीच. १८१६ साली तिथल्या राजघराण्यात आलेल्या राजकन्येच्या लग्नाचा पोशाख करण्यात तिचा हात होता, त्यावरून तिचं नाव झालं. पुढे एका इंग्रज व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिली बेटावर मेसिना गावी राहायला गेली. समुद्र दाराशी. तिथे तिला अर्गोनॉट नावाच्या प्राण्याचं वेड लागलं. हा आठ हातांचा, माकुळच्या नात्यातला प्राणी पातळ, कागदासारख्या शिंपल्यात राहतो. मोठमोठे विद्वान वाद घालत होते की तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्या कुणाचा पळवलेला. मेलेला प्राणी बाटलीत घालून हे कळणार कसं? १८३२ च्या सुमाराला या बाईने काचेच्या पेट्या करून घेतल्या, त्यात समुद्राचं पाणी भरून जिवंत प्राणी ठेवले, आणि बघत बसली. शिंपल्याचा तुकडा मोडून पाहिला, तर प्राण्याने तो स्वतःच सांधला. वाद मिटला. जिवंत जलचर काचेत ठेवून अभ्यास करण्याच्या पद्धतीचं श्रेय पुढे रिचर्ड ओवेन या नामांकित शास्त्रज्ञाने तिला दिलं. तिची बरीचशी चित्रं आणि टिपणं मात्र एका जहाजाबरोबर समुद्रात बुडाली.

पण तिच्या दाराशी समुद्र होता, पाणी खराब झालं की नवं आणायचं. ज्यांच्या दाराशी समुद्र नाही त्यांचं काय? ही अडचण आली लंडनमधल्या अ‍ॅना थिन या बाईला. तिचा नवरा वेस्टमिन्स्टर अ‍ॅबे या मोठ्या चर्चमधला वरच्या हुद्द्याचा धर्मोपदेशक. १८४६ साली ती समुद्रकाठी फिरायला गेली, तिथली जिवंत प्रवाळं तिला इतकी आवडली की घरी न्यावीशी वाटली. प्रवासात ती आपटू नयेत म्हणून तिने सुईदोऱ्याने ती स्पंजवर टाचली. (हे वाचून आम्हाला बरं वाटलं. सुईदोरा कुठे कामाला येईल सांगता येत नाही.) लंडनला पोचल्यावर प्रश्न पडला की समुद्राचं पाणी रोज आणणार कुठून? तिच्या लक्षात आलं की पाण्यात हवा खेळती राहिली तर तेच पाणी पुष्कळ दिवस पुरतं. म्हणून उघड्या खिडकीपाशी ते एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायचं, पुन्हा पहिल्यात, पुन्हा दुसऱ्यात. चहा निववतात तसं. रोज अर्धा-पाऊण तास.

हे ओतायचं काम अ‍ॅनाबाई करत नव्हत्या. घरातली मोलकरीण करत होती. ही गोष्ट जिथे जिथे सांगितली जाते तिथे ती फक्त ‘मोलकरीण’ असते. लंडनची थंडी, उघडी खिडकी, हातात पाण्याने भरलेलं भांडं. आज आपल्या पेटीत जो छोटा पंप गुरगुरतो आणि बुडबुडे सोडतो, तो करतो ते काम तिचं. वीज जाते तेव्हा आम्ही अजूनही तसंच करतो, मग्याने पाणी उचलायचं आणि वरून धार सोडायची.

पुढच्या वर्षी अ‍ॅनाबाईंनी पाण्यात जिवंत समुद्रवनस्पती ठेवल्या, आणि वनस्पती हवेचं काम करतात हे त्यांना दिसलं. याची मुळं आणखी मागे आहेत. १७७१ साली जोसेफ प्रिस्टले या इंग्रज गृहस्थाने, ज्या भांड्यातल्या हवेत मेणबत्ती विझली होती त्यात पुदिन्याची काडी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा जळली. पुदिनाच, आपल्या चटणीतला. १७७९ साली यान इंगेनहाउझ या डच डॉक्टरने पुढचं पाऊल टाकलं. त्याने पाने पाण्यात बुडवून उन्हात ठेवली, तर त्यांच्यावर बुडबुडे आले. अंधारात ठेवली, तर बंद झाले, उलट अंधारात झाडं हवा खराब करतात असं त्याला दिसलं. हायड्रिलाचा हा प्रयोग तुमच्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो. माशांच्या पेटीला आठ तास उजेड हवा आणि रात्री झाडंही प्राणवायू खातात, म्हणून खच्चून झाडं आणि खच्चून मासे भरले की पहाटे मासे वर येतात, हे सगळं या दोनशे चाळीस वर्षांपूर्वीच्या प्रयोगात आहे. पण उजेड म्हणजे खिडकीतलं थेट ऊन नव्हे. पेटी आठवड्यात हिरवी होते, हे आम्ही करून बसलो आहोत.

आता आपल्या गोड्या पाण्याच्या पेटीकडे येऊ. तिचा बाप म्हणावा असा माणूस रॉबर्ट वॉरिंग्टन. लंडनमध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेत रसायनतज्ज्ञ होता. १८४९ सालच्या मे महिन्यात त्याने साधारण बारा गॅलनचं, म्हणजे आपल्या हिशोबाने पन्नासेक लिटरचं, काचेचं भांडं घेतलं. त्यात वाळू, चिखल, थोडे दगड घातले, अर्ध्यापर्यंत झऱ्याचं पाणी भरलं, तोंडावर मलमलीचं कापड ताणलं. आत दोन लहान गोल्डफिश, आणि व्हॅलिस्नेरिया. लांब हिरव्या फितीसारख्या पानांची ही वनस्पती, आपल्याकडच्या तळ्यांतही उगवते, आणि आजही दुकानात सगळ्यात स्वस्त मिळते. वॉरिंग्टनचा विचार असा की मासा सोडेल ते झाड घेईल, झाड सोडेल तो प्राणवायू मासा घेईल, आणि पाणी बदलावंच लागणार नाही.

थोडे दिवस जमलं. मग जुनी पानं कुजायला लागली, काचेवर बुळबुळीत थर चढला, पाणी गढुळलं, मासे धोक्यात आले. आमच्यासारखी बाई असती तर सगळं उपसून घासून काढलं असतं. वॉरिंग्टनने तसं केलं नाही. त्याने विचार केला, तळ्यात हे कुजकं कोण साफ करतं? मग त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली, काचेवरचा थर चाटून काढला, त्यांनी घातलेली अंडी माशांना खायला झाली, आणि व्हॅलिस्नेरियाला नवे धुमारे फुटले. १८५० साली त्याने हे सगळं रसायनशास्त्राच्या नियतकालिकात छापलं.

यानंतर इंग्लंडात जे सुरू झालं ते वेडच. त्याला एक साधं कारण होतं, काच. तिथे काचेवर जबर कर होता, तो १८४५ साली उठला, आणि काच मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं पहिलं सार्वजनिक दालन उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्गअभ्यासकाचं ‘द अ‍ॅक्वेरियम’ नावाचं पुस्तक आलं. तोच शब्द आज आपल्याही तोंडी आहे. घरोघरी दिवाणखान्यात पेट्या आल्या. लोकांनी समुद्रकाठच्या खडकांतली डबकी ओरबाडून रिकामी केली. गॉसच्या मुलाने म्हातारपणी आपल्या आठवणींत त्या उजाड झालेल्या किनाऱ्याबद्दल फार हळहळून लिहिलंय. आणि घरातल्या पेट्यांचं काय झालं? बहुतेकींचं आमच्यासारखंच. वास मारायला लागला, मासे मेले, पेटी माळ्यावर. आपल्याकडे मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं, आमच्यातल्या काहींनी शाळेच्या सहलीत ते पाहिलंय, बाईंचा हात धरून.

झाड आहे, गोगलगाय आहे, हवा आहे, तरी मासे का मरतात? आमचा खरा प्रश्न हाच होता, आणि त्याचं उत्तर माशांच्या पुस्तकात नाही, सांडपाण्यात सापडलं.

मासा विष्ठा टाकतो, त्याच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या खाण्यातून पाण्यात अमोनिया येतो. अमोनिया म्हणजे विष. गोठ्यात डोळ्यांना झोंबतो तो वास. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेसिंग आणि म्युन्ट्झ या दोघांनी एका लांब काचेच्या नळीत वाळू आणि चुनखडी भरली आणि वरून शहराचं सांडपाणी थेंबथेंब सोडलं. खालून येणारं पाणी रोज तपासायचे. एक दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस, अमोनिया जसाच्या तसा. वीस दिवसांनी मात्र तो कमी होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट यायला लागलं, म्हणजे झाडांचं खत. मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. काम ठप्प. नुसत्या वाळूने हे होत असतं तर वाफेने थांबलं नसतं. वाळूवर काहीतरी जिवंत होतं, ते वाफेने निपचित पडलं. मातीचं पाणी घातल्यावर ते पुन्हा सुरू झालं.

हे वाचताना आमच्या बैठकीत कुणी बोलेना. वीस दिवस. क्लोरोफॉर्म. आणि आमच्याकडे वाळूला कपड्यांची पावडर, स्पंजला ऊन, वर टीसीएल.

आता योगायोग बघा. या कामाचा पुढचा टप्पा गाठला तो वॉरिंग्टनच्या मुलाने. बापाने भांड्यात गोल्डफिश सोडले तेव्हा हा पोरगा दहा वर्षांचा होता, नावही रॉबर्टच. बापाच्या प्रयोगशाळेतच तो रसायनशास्त्र शिकला. पुढे लंडनच्या उत्तरेला रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात त्याने माशांसाठी नव्हे, शेतातल्या खतासाठी हाच प्रश्न धरला. त्याने दाखवलं की हे काम दोन हातांनी होतं. एक जण अमोनियाचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा त्याचं नायट्रेट करतो. हे दोघे वेगळे जीव, आणि दुसरा पहिल्याच्या मागून येतो. त्याला ते वेगळे काढून दाखवता आले नाहीत. १८९० साली ते काम विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने स्वित्झर्लंडमध्ये केलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्रेस फ्रँकलंड या बाईने नवऱ्याबरोबर अशाच जिवाणूंवरचा अभ्यास दोघांच्या नावाने छापला. दोघांच्या, हे मुद्दाम सांगतो.

म्हणजे बापाच्या भांड्यात झाड आणि गोगलगाय डोळ्यांना दिसत होते, पण तिथल्या वाळूवर आणि चिखलात हे न दिसणारे कामकरीही होतेच. त्यांना ओळखायला पुढची चाळीस वर्षं लागली.

आमच्या पेट्यांत चार महिन्यांत हीच फौज जमली होती. वाळूच्या कणांवर, स्पंजच्या भोकांत, पानांच्या पाठीवर. जो बुळबुळीत थर आपल्याला घाण वाटतो, त्यातच त्यांचं घर. त्या दिवशी आम्ही ती सगळी एका दमात मारली आणि त्यावर मासे सोडले. पावडर आणि क्लोरीन यांनी जे वाचले त्यांना मग अमोनियाने गाठलं, कारण तो पचवायला कुणी उरलं नव्हतं. ज्या बाईने हे केलं तिने आपल्या आईने शिकवलेली स्वच्छता केली, मनापासून केली. भांडं असं घासतात, मोरी अशी घासतात. काचेची पेटी हे भांडं नाही, तळ्याचा तुकडा आहे, हे तिला कोण सांगणार? आम्हालाच ठाऊक नव्हतं.

आता आम्ही काय करतो तेही सांगून टाकतो, कारण बैठकीनंतर फोन येतातच. वाळू आणल्यावर साध्या पाण्यात चोळून धुवायची, साबण नाही. नळाचं पाणी पसरट घमेल्यात एक-दोन दिवस उघडं ठेवायचं, वास जाईपर्यंत. आधी झाडं लावायची. मग तीन-चार आठवडे थांबायचं. हे थांबणं सगळ्यात कठीण, कारण रिकामी पेटी बघून घरातली पोरं रोज विचारतात. एखादी बसलेली पेटी असेल तर तिच्यातली मूठभर वाळू नव्या पेटीत घालायची, विरजण लावतो तसं. मासे दोन-तीन सोडायचे, मग आठवड्याने आणखी. गोल्डफिश गप्पीबरोबर नको, तो झाडं उपटतो आणि घाणही फार करतो. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. आठवड्याला एक चतुर्थांश पाणी काढायचं, आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज हलकेच पिळायचा. ते पाणी फेकू नका. त्यातलं नायट्रेट आमच्या कढीपत्त्याला मानवलंय. मासे जास्त झाले तर ओढ्यात मात्र सोडायचे नाहीत. तिथे आपले गावचे मासे आहेत, त्यांचं घर त्यांना राहू द्यावं.

मागच्या महिन्यात आम्ही चौघी तिच्या घरी गेलो. नळीची गोष्ट सांगितली, वीस दिवसांची. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा केला, आणि विचारलं, “मग माझ्या पाचशे रुपयांचं काय?” पैसे आम्ही घेऊनच गेलो होतो. ते बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवलं, दंड चुकीने घेतला म्हणून परत, असं. तिने त्या खाली सही केली आणि म्हणाली, पुढच्या वेळी काय धुवायचं आणि काय नाही ते आधी लिहून भिंतीवर लावा.

लावलंय. पुन्हा दोन पेट्या मांडल्या आहेत, व्हॅलिस्नेरिया रुजली आहे, एका पानावर कुठूनतरी आलेली गोगलगाय चढते आहे. मासे अजून नाहीत. आज अकरावा दिवस.